टी.व्ही. भिंतीवर किती उंच लावावा?

घरात नवा टी.व्ही. घ्यायचा ठरला की किती इंची घ्यायचा, कोणत्या कंपनीचा घ्यायचा, रोख की हप्त्याने, यावर आठ-आठ दिवस चर्चा चालते. मात्र तो भिंतीवर किती उंच टांगायचा, हा प्रश्न अर्ध्या मिनिटात निकालात निघतो. बसवायला आलेला मुलगा ड्रिल मशीन हातात घेऊन विचारतो, ‘‘काका, इथे लावू?’’ तो उभा असतो, काकाही उभे असतात. दोघांच्या डोळ्यांसमोर जागा बरोबर दिसते. काका म्हणतात, ‘‘लाव.’’ भिंतीला भोके पडतात आणि पुढची आठ-दहा वर्षे सगळे घर तो टी.व्ही. बसून पाहते. उभ्याने ठरवलेली उंची बसणाऱ्यांच्या मानेला भोगावी लागते.

वाचकहो, आरोग्याच्या सदरात सुताराचा विषय कशाला, असे आपणास वाटेल. पण मानदुखी, खांदे भरून येणे, डोळ्यांची जळजळ, मान वर केली की येणारी चक्कर, या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी अलीकडे औषधाच्या आधी एक प्रश्न विचारतो : ‘‘घरी टी.व्ही. कुठे आहे आणि तुम्ही कुठे बसता?’’ धरमपेठेतले जुने बंगले गेले, तिथे फ्लॅट आले. बैठकीची खोली दहा बाय बाराची झाली, टी.व्ही. मात्र एकवीस इंचांवरून त्रेचाळीस आणि पंचावन्न इंचांवर गेला. खाली शोकेस, मध्ये देवाचा फोटो, बाजूला स्विचबोर्ड, आणि उरलेल्या जागेत, म्हणजे बहुधा छताच्या जवळ, टी.व्ही. सेवानिवृत्त माणूस दिवसाचे चार-पाच तास त्याच्यासमोर बसतो. म्हणून हा विषय आरोग्याचाच आहे.

जुना टी.व्ही. कुठे असायचा?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आले. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हाच्या रविवार सकाळी आठवून पाहा. सरकत्या दाराच्या लाकडी पेटीतला किंवा ट्रॉलीवरचा टी.व्ही., समोर सतरंजीवर मुले, मागे खुर्च्यांवर मोठी माणसे आणि दारात उभे असलेले शेजारी. तो संच वीस किलोच्या वर भरायचा. भिंतीवर टांगण्याची सोयच नव्हती. ट्रॉली दोन-अडीच फुटांची, त्यामुळे पडद्याचा मध्य जमिनीपासून साधारण अडीच ते तीन फुटांवर यायचा. कोणी मोजमाप केले नव्हते, पण उंची बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या आसपास किंवा थोडी खालीच असायची.

पुढे संच पातळ आणि हलका झाला आणि भिंतीवर चढला. उंच टी.व्ही. आपण आधी पाहिला होता तो केशकर्तनालयात, उपाहारगृहात, रेल्वे स्टेशनवर आणि हॉस्पिटलच्या वॉर्डात. तिथे माणसे उभी असतात, येत-जात असतात किंवा पलंगावर असतात. समोरच्याच्या डोक्यावरून दिसावे म्हणून तो उंच लावावा लागतो. तीच पद्धत आपण नकळत घरी आणली.

मान वर केल्यावर काय होते?

मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. हे ओझे मानेचे सात मणके, त्यांच्यामधल्या गाद्या आणि आजूबाजूचे स्नायू तोलून धरतात. डोके खांद्यांच्या बरोबर वर असले की स्नायूंना काम कमी पडते. हनुवटी वर करून डोके मागे नेले की मानेच्या मागच्या बाजूचे मणक्यांचे सांधे एकमेकांवर दाबले जातात. मणक्यांच्या बाजूला ज्या छिद्रांतून हाताकडे जाणाऱ्या नसा बाहेर पडतात, ती छिद्रे मान मागे वाकवली की अरुंद होतात.

तरुण माणसाला याचा उपद्रव सहसा होत नाही. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज होते, कडेला हाडाची टोके वाढतात, छिद्रे आधीच लहान झालेली असतात. अशा माणसाने दोन तास मान वर करून मालिका पाहिल्या, की रात्री मान आखडते, खांद्याच्या पाठीमागे ठणका लागतो, कधी हाताला मुंग्या येतात. मग ‘‘स्पॉन्डिलायटिस झाला’’ म्हणून एक्स-रे निघतो. पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या एक्स-रेत झीज दिसतेच, त्यामुळे निदान पक्के झाल्यासारखे वाटते. कॉलर येते, गोळ्या येतात. टी.व्ही. मात्र आहे तिथेच राहतो. मग आठ दिवसांनी दुखणेही परत येते.

चक्करेबद्दलही सांगितले पाहिजे. मान वर केली की घर गरगर फिरते, ही तक्रार वयस्क स्त्रियांमध्ये बरीच आढळते. आपल्याकडे अशी प्रत्येक चक्कर मानेच्या मणक्यांच्या नावावर टाकली जाते. खरे कारण पुष्कळदा आतल्या कानात असते. तिथे तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागेवरून सुटून नलिकेत गेले, की डोके वर करताना, झोपताना किंवा कुशीवर वळताना काही सेकंद जोरात गरगरते. डॉक्टर डोके ठराविक पद्धतीने वळवून ते कण जागेवर आणू शकतात. त्याला फार औषधे लागत नाहीत. पण तोवर उंच टी.व्ही. पाहून सोफ्यावरून उठताना तोल गेला आणि सत्तरीतल्या बाईचे खुब्याचे हाड मोडले, तर एका चुकीच्या खिळ्याची किंमत फार मोठी होते.

डोळ्यांचे काय?

खाली पाहताना वरची पापणी खाली येते आणि डोळ्याचा थोडाच भाग उघडा राहतो. वर पाहताना डोळा जास्त उघडतो आणि अश्रूंचा पातळ थर लवकर वाळतो. त्यात पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो. १९९३ साली जपानी डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांची मोजणी प्रसिद्ध केली. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटत होता, पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्यासमोर अवघ्या ७ वेळा.

आता यात नागपूरचा उन्हाळा मिळवा. पारा ४५ च्या घरात, हवा कोरडी आणि खिडकीतल्या कूलरचा झोत थेट तोंडावर. डोळे चुरचुरतात, लाल होतात, वाळू गेल्यासारखे वाटतात. मग मेडिकलमधून कोणतेतरी थेंब आणून घातले जातात. त्याऐवजी झोत बाजूला वळवा, टी.व्ही. खाली आणा आणि जाहिराती लागल्या की डोळे मिटून बसा. जाहिरातींचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

उंची कशी काढावी?

यासाठी इंजिनीअर लागत नाही. टेप, पेन्सिल आणि घरातले दोघे जण पुरे.

पहिली पायरी : घरात जो सर्वांत जास्त वेळ टी.व्ही. पाहतो, त्याला त्याच्या नेहमीच्या जागी बसवा. ताठ बसवून मोजू नका. दहा मिनिटांनी तो जसा सैल बसतो, तसा बसू द्या.

दुसरी पायरी : जमिनीपासून त्याच्या डोळ्याच्या कडेपर्यंतची उंची मोजा. साधारणपणे ती लाकडी खुर्चीवर ११० ते १२० सेंटिमीटर, खोल सोफ्यावर ९५ ते १०५ आणि जमिनीवर मांडी घालून बसल्यास ७० च्या आसपास येते. तरी आपल्या घरचे माप घ्यावे, कारण माणसे आणि सोफे सारखे नसतात.

तिसरी पायरी : पडद्याचा मध्यबिंदू या उंचीवर किंवा तिच्या किंचित खाली ठेवा. आपली नैसर्गिक नजर सरळ रेषेच्या थोडी खालीच झुकलेली असते. त्यामुळे पाच-सात सेंटिमीटर खाली चालते, उलट बरे वाटते.

चौथी पायरी : पडद्याची उंची काढा. टी.व्ही.चे इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरपे माप असते. आजच्या रुंद पडद्यासाठी त्या इंचांना सव्वाने गुणले की पडद्याची उभी उंची सेंटिमीटरमध्ये जवळपास मिळते. ३२ इंचीची ४०, ४३ इंचीची ५४, ५५ इंचीची ६९ सेंटिमीटर. मध्यबिंदूतून याची निम्मी उंची वजा केली की खालची कड मिळते.

पाचवी पायरी म्हणजे पडताळा : पडद्याची वरची कड डोळ्यांपेक्षा किती वर आहे ते पाहा. ती उंची बसण्याच्या अंतराच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी. आठ फुटांवर बसत असाल, तर वरची कड डोळ्यांच्या वर फार तर दोन फूट. हा सोपा हिशेब लक्षात ठेवला की बाकीचे विसरले तरी चालेल.

एक उदाहरण

समजा, सोफा भिंतीपासून आठ फुटांवर, म्हणजे २४४ सेंटिमीटरवर आहे. बसणाऱ्याच्या डोळ्यांची उंची १०५ आहे आणि टी.व्ही. ४३ इंची. मध्यबिंदू १०० वर ठेवू. पडद्याची निम्मी उंची २७. म्हणजे खालची कड ७३ वर आणि वरची १२७ वर. वरची कड डोळ्यांपेक्षा २२ सेंटिमीटर उंच झाली. अंतराचा एक-चतुर्थांश ६१. उत्तम.

आता तोच टी.व्ही. ‘‘काका, इथे लावू?’’ पद्धतीने लावू. खालची कड साडेचार फुटांवर, म्हणजे १३७. वरची कड १९१. ती डोळ्यांपेक्षा ८६ सेंटिमीटर उंच, म्हणजे अंतराच्या एक-तृतीयांशाहून जास्त. इथे नुसती बुबुळे वर करून भागत नाही, हनुवटी उचलावीच लागते.

बरोबर आलेली ७३ सेंटिमीटरची खालची कड ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. ‘‘डॉक्टरसाहेब, एवढा खाली? विचित्र दिसेल हो!’’ उभे राहून पाहिले तर दिसेलही. म्हणून भोके पाडण्यापूर्वी एक युक्ती करा. जुन्या वर्तमानपत्राची पाने जोडून टी.व्ही.च्या मापाचा कागद कापा, तो भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस समोर बसून पाहा. रद्दीचा कागद खाली-वर करायला पैसे पडत नाहीत.

मिस्त्रीला सांगताना आणखी एक काळजी घ्या. पट्टी अडकवण्याची भोके टी.व्ही.च्या पाठीवर बरोबर मध्यभागी असतीलच असे नाही. संच उलटा करून भोकांपासून खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि मगच भिंतीवर खूण करा.

जमिनीवर बसणारे आणि पलंगावरचे

आपल्या घरांत सगळेच सोफ्यावर बसत नाहीत. भाजी निवडत आजी खाली बसते, मुले सतरंजीवर असतात. वरच्या उदाहरणात जमिनीवरच्या माणसाचे डोळे ७० वर धरले, तर पडद्याचा मध्य त्याच्यापेक्षा ३० सेंटिमीटर उंच होतो आणि वरची कड ५७. आठ फुटांवर हे ६१ च्या मर्यादेत बसते. म्हणजे एकच उंची दोघांना चालते. अट एवढीच की खाली बसणाऱ्याने सोफ्याच्या पुढे सरकून टी.व्ही.च्या पायथ्याशी बसू नये, सोफ्याला पाठ टेकून बसावे. घरात कोणाची मान किंवा चक्कर यांची तक्रार असेल, तर माप त्या व्यक्तीचे घ्यावे. धडधाकट माणसाला चार बोटे इकडेतिकडे चालतात.

शयनगृहात पलंगाच्या पायथ्याशी, पंख्याजवळ टी.व्ही. लावण्याची पद्धत आहे. मागे टेकून बसले की धड आणि डोके दोन्ही मागे कलतात, त्यामुळे तिथे हॉलपेक्षा थोडी जास्त उंची चालते, हे खरे. पण त्यासाठी कमरेपासून डोक्यापर्यंत सगळ्या पाठीला आधार हवा. पाठ गादीवर सपाट आणि डोक्याखाली दोन उशा, अशा स्थितीत हनुवटी छातीला टेकते आणि मानेच्या मागचे स्नायू तासभर ताणलेले राहतात. सकाळी मान धरल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत असे पुष्कळ असतात. वर-खाली असा दुहेरी चष्मा असणाऱ्यांची आणखी अडचण होते. आडवे पडल्यावर त्यांची नजर वाचायच्या खालच्या भिंगातून जाते, चित्र धूसर दिसते आणि ते नकळत मान उचलून धरतात. अशांनी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा वापरावा. आणि खरे सांगायचे तर झोपायच्या खोलीत टी.व्ही. नसलेलाच बरा. झोपही राहते, मानही.

आधीच उंच लावला असेल तर?

प्रत्येकाला लगेच भिंत उकरता येत नाही, भाड्याच्या घरात तर मुळीच नाही. तेव्हा पुढील उपाय करावेत.

सोफा मागे न्या. वरच्या उदाहरणातला उंच टी.व्ही. अकरा फुटांवरून पाहिला, तर वरची कड जवळपास एक-चतुर्थांशावर येते. चित्र थोडे लहान वाटेल, पण मान सुटेल.

तेवढी जागा नसेल, तर डोक्यापर्यंत उंच पाठ असलेली खुर्ची घ्या आणि मागे टेकून बसा. डोके अधांतरी मागे टाकू नका, ते टेकलेले हवे.

टी.व्ही. पुढे झुकवणारी पट्टी मिळते. तिने ट्यूबलाइटची चमक कमी होते आणि चित्र नीट दिसते. मात्र पडदा झुकवला म्हणून तो खाली येत नाही. मान तेवढीच वर करावी लागते. हा गैरसमज फार आहे.

दर अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, खांदे फिरवा. कपाळावर तळहात ठेवून डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला पाच सेकंद रेटा द्या, मान हलू देऊ नका. असे डोक्याच्या चारही बाजूंनी दहा-दहा वेळा करा. त्याने मानेचे स्नायू बळकट होतात. हाताला मुंग्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

लहान मुले

‘‘खाली लावला तर मुले हात लावतील,’’ ही आयांची तक्रार रास्त आहे. पण मुलांना खरा धोका आहे तो टेबलावर सुटा ठेवलेल्या टी.व्ही.चा. मूल टेबलाला लोंबकळते, खण उघडून त्यावर चढते आणि संच अंगावर येतो. डोक्याला गंभीर इजा होऊ शकते. भिंतीत पक्क्या ठोकलेल्या पट्टीवरचा टी.व्ही., तो कमी उंचीवर असला तरी, सुट्या संचापेक्षा सुरक्षित. नुसत्या पोकळ गिलाव्यात स्क्रू धरत नाही, तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. लोंबणाऱ्या वायरी पट्टीत बंद करा.

मूल पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसत असेल, तर त्याला रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. जवळ बसल्याने दृष्टी गेली असे नसते, पण दृष्टी कमी असल्याने मूल जवळ बसते असे पुष्कळदा असते. भारतीय बालरोग संघटनेने २०२१ साली दिलेल्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून जास्त नको, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. त्यात मोबाईलही आला.

सगळा दोष टी.व्ही.ला नको

टी.व्ही. खाली आणून दोन-तीन आठवड्यांत मान मोकळी झाली नाही, तर कारण दुसरे असू शकते. मोबाईलवर तासन्‌तास खाली वाकणे हे त्यांतले एक. पण काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. हातातली पकड कमी होणे, शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना पाय अडखळणे, लघवीवरचा ताबा जाणे, ही मज्जारज्जूवर दाब असल्याची चिन्हे असू शकतात. त्यासाठी तज्ज्ञांकडे लगेच जावे. तसेच चक्करेबरोबर बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर ती मानेची चक्कर नव्हे, अर्धांगवायूचा झटका समजावा. लिंबूसरबत देत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि मोठ्या रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

बाकीच्यांसाठी उपाय टेपच्या एका टोकाशी आहे. येत्या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला त्याच्या जागी बसवा, डोळ्यांची उंची मोजा, बसण्याचे अंतर मोजा आणि त्याला चाराने भागा. आकडा जास्त निघाला, तर मिस्त्रीला फोन करा. मानेचा पट्टा विकत घेण्याआधी भिंतीवरची पट्टी दोन फूट खाली घेऊन पाहावी.